गेज बदललंत, पण लॉटचं काय? मोटर शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या एफआयएला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष श्री. जाँ तोद आणि जागतिक मोटर स्पोर्ट परिषदेचे सर्व सदस्य,
एफआयए, पॅरिस

दि. 20 डिसेंबर 2020

महोदय,

स. न. वि. वि.

आधी अभिनंदन करतो. पुढचं, फेरारीच्या इंजिनाबद्दलचं वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस भांडायलाच बसलाय, म्हणून ते आधी उरकतो. यंदा फॉर्म्युला वनच्या सतरा शर्यती होतील असं मार्चमध्ये कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या झाल्या. स्पीलबर्गला दोन, सिल्व्हरस्टोनला दोन, बहारीनला दोन. मुजेल्लो, पोर्तिमाव, इमोला, इस्तंबूल, जिथे जागा मिळाली तिथे तुम्ही तंबू ठोकलात. गेल्या रविवारी अबू धाबीत शेवटचा झेंडा पडला तेव्हा मी घरात एकटाच उठून टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, जिंकलं कोण? म्हटलं, रेड बुलचा वर्स्टॅपेन, पण टाळ्या त्याच्यासाठी नाहीत.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि तुमच्या शर्यती रविवारी, त्यामुळे वीस-बावीस वर्षं शिफ्ट बदलून घेत आणि उसन्या पाळ्या फेडत फॉर्म्युला वन पाहत आलोय. मॅक्लारेनचा हाकिनेन आणि फेरारीचा शूमाकर यांचं जुंपायचं तेव्हापासून. तेव्हा तोदसाहेब, तुम्ही फेरारीचे संघप्रमुख म्हणून ट्रॅकशेजारच्या पिट वॉलवर असायचात आणि आमच्या चाळीतली निम्मी पोरं तुमच्या बाजूची होती. मी मॅक्लारेनवाला. हे आताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुणीतरी काढेलच.

13 मार्चची सकाळ आठवते. हंगामातली पहिलीच शर्यत मेलबर्नला, तिचा पहिला सराव आपल्याकडच्या साडेसहाला होता. मी सहाचा गजर लावलेला. उठून मोबाइल हातात घेतला तर सगळा कार्यक्रम आटोपलेला. मॅक्लारेनच्या एका कर्मचाऱ्याला कोरोना निघाला होता, संघाने माघार घेतली होती आणि बाकीचे रात्रभर ‘धावायचं की नाही’ यावर खल करत बसले होते. आदल्याच दिवशी मर्सिडीजच्या हॅमिल्टनने पत्रकारांसमोर बसून सांगितलं होतं की आपण सगळे इथे आलोच कसे याचं त्याला आश्चर्य वाटतंय. आणि कारण विचारल्यावर तीन शब्दांत उत्तर दिलं होतं: कॅश इज किंग. सराव सुरू व्हायला जेमतेम दोन तास उरले असताना रद्द झाल्याची घोषणा झाली. तोवर तिथल्या अल्बर्ट पार्क ट्रॅकच्या फाटकांबाहेर रांगा लागल्या होत्या. तो व्हिडिओ मी पलंगावर बसून पाहिला. टोप्या, झेंडे, पाठीला सॅक, हातात तिकीट. फाटक बंद. आणि काय चाललंय हे त्या माणसांना सांगायला कुणी नाही.

आमच्याकडे तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती. राज्यातले पहिले दोन रुग्ण 9 मार्चला पुण्यातच सापडले होते. पुढच्या पंधरवड्यात पाडवा आला तो लॉकडाऊन घेऊनच. शॉपमधल्या मशिनवर ताडपत्री टाकून आम्ही घरी गेलो. तेव्हा कुठली फॉर्म्युला वन आणि कुठलं काय.

पण हे पत्र त्या सकाळबद्दल नाही. त्या सकाळच्या आधीच्या चौदा दिवसांबद्दल आहे.

28 फेब्रुवारी. बार्सिलोनात हंगामपूर्व चाचण्यांचा शेवटचा दिवस, संपायला काही मिनिटं उरलेली, पत्रकार आवराआवर करत असलेले. तेवढ्यात तुमचं छोटंसं निवेदन आलं. फेरारीच्या 2019 च्या इंजिनाची तांत्रिक चौकशी पूर्ण झाली, फेरारीशी समझोता झाला, त्याचे तपशील उभय पक्षांत राहतील. फेरारी यापुढे इंजिनांवरची देखरेख सुधारायला आणि कार्बन उत्सर्जन, पर्यावरणपूरक इंधन यांवरच्या संशोधनाला तुम्हाला मदत करील. एवढंच.

आमच्याकडे पोरगं काच फोडून येतं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने अंगणात झाड लावताना दिसतं, तेव्हा शेजारी काय समजायचं ते समजतात. सात संघांनीही समजून घेतलं. फेरारीचं इंजिन न वापरणारे सगळेच्या सगळे. मर्सिडीज, रेड बुल, मॅक्लारेन, रेसिंग पॉइंट, रेनॉ, विल्यम्स, अल्फाटौरी. एरवी हे सात जण एका टेबलावर चहा प्यायला बसणार नाहीत. 4 मार्चला त्यांनी एकत्र पत्रक काढून जाब विचारला. दुसऱ्या दिवशी तुम्ही उत्तर दिलंत आणि ते उत्तर मी आजवर तीस वेळा तरी वाचलं असेल. फेरारीचं इंजिन सर्वकाळ नियमात चालत होतं याबद्दल एफआयएचं पूर्ण समाधान झालेलं नाही. पण प्रकरण गुंतागुंतीचं आहे, भंगाचा निर्विवाद पुरावा देणं प्रत्यक्षात शक्य नाही, म्हणून पुढे कारवाई नाही.

मग मर्सिडीज त्या सातांतून बाजूला झाली. मग मेलबर्न आलं. मग जगच बंद पडलं. महामारीने मोनॅकोची शर्यत गिळली (1954 नंतर प्रथमच), हनोईची नवीकोरी शर्यत जन्मायच्या आधी गेली, आणि त्याच पांघरुणाखाली ही फाइलही झोपी गेली. जुलैत शर्यती परत आल्या. फाइल आली नाही.

ज्यांना मूळ भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या गाड्यांना तासाला 100 किलोपेक्षा जास्त वेगाने इंधन जाळायची परवानगी नाही. ते मोजतं एक अल्ट्रासॉनिक सेन्सर, इंधनाच्या वाटेवर बसवलेला. 2019 च्या उन्हाळ्यानंतर फेरारी सरळ रस्त्यावर अशी काही पळायला लागली की बाकीचे चक्रावले. स्पा, मोंझा, सिंगापूर, लागोपाठ तीन विजय. सलग सहा पोल, म्हणजे शर्यत सुरू होताना सर्वांत पुढची जागा. मग रेड बुलने तुम्हाला साळसूदपणे प्रश्न घातला: समजा एखाद्याने त्या सेन्सरच्या मोजणीत गडबड होईल अशी व्यवस्था केली आणि दोन मोजण्यांच्या मधल्या क्षणांत जादा इंधन सोडलं, तर चालेल का? नाव कुणाचंच नाही. तुम्ही ऑस्टिनच्या शर्यतीच्या वेळी लेखी कळवलंत, चालणार नाही. त्या रविवारी फेरारीचा लक्लेर विजेत्याच्या 52 सेकंद मागे चौथा आला आणि वर्स्टॅपेन डच टीव्हीवर बोलून गेला की चोरी थांबवली की असंच होतं.

आता न्यायाचं बोलायचं तर त्याच ऑस्टिनमध्ये आदल्या दिवशी फेरारीच्याच वेटेलचा पोल फक्त 0.012 सेकंदाने हुकला होता. एवढी जवळची गाडी एका रात्रीत पांगळी झाली असं म्हणता येत नाही. शिवाय फेरारीने कायम सांगितलंय की आम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. तेही खरं असू शकेल. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दोन-तीन वर्षांपूर्वी आमचं एक बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला गेलं आणि रिपोर्ट आला की ते आठ मायक्रॉन चुकीचं दाखवतंय. आठ मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा भागही नाही. पण आमचा टॉलरन्सच, म्हणजे चालणारी तफावतच मुळात पंधराची. त्या गेजवर पास केलेला तीन आठवड्यांचा माल कस्टमरकडे गेला होता. आता दोन वाटा होत्या. नवीन गेज आणायचं, जुन्यावर लाल स्टिकर लावून कपाटात टाकायचं आणि गप्प बसायचं. ही वाट सुचवणारा मीच होतो, लपवत नाही. आमच्या जुन्या सुपरवायझरने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, फोन उचलून कस्टमरच्या क्वालिटी इंजिनिअरला लावला आणि गेजचा नंबर, तारखा, लॉटचे म्हणजे मालाच्या खेपांचे नंबर, सगळं वाचून दाखवलं. त्यानंतर दोन रात्री आम्ही चौघं त्यांच्या गोडाऊनमध्ये बसून एकेक पीस मोजत होतो. चांगले निघाले त्यांवर हिरवा ठिपका, उरलेले रेड बिनमध्ये. वर आमच्या पैशांतून कापून घेतल्याची डेबिट नोट आली ती वेगळीच. मालकांनी आठवडाभर तोंड फिरवलं होतं.

सांगायचा मुद्दा असा की गेजवर संशय आला की नुसतं गेज बदलून भागत नाही. त्या गेजने आधी काय काय पास केलं, ते सांगावं लागतं. तुम्ही 2020 साठी प्रत्येक गाडीत इंधनाचा दुसरा सेन्सर बसवलात. उत्तम केलंत. म्हणजे गेज बदललंत. लॉटचं काय?

त्या लॉटमध्ये फक्त फेरारी नव्हती, हेही तुमच्या कुणाच्या बोलण्यात येत नाही. तेच इंजिन हास आणि अल्फा रोमिओ विकत घेतात. ते गिऱ्हाईक. इंजिनाचं झाकण उघडून आत काय आहे ते बघायचीही त्यांना मुभा नसते. 2019 मध्ये अल्फाचे 57 गुण होते, हासचे 28. यंदा अल्फाचे 8 आणि हासचे 3. खुद्द फेरारी 504 वरून 131 वर आली, सहावी, 1980 नंतरची सर्वांत वाईट दशा. स्पामध्ये ज्या रस्त्यावर गेल्या वर्षी लक्लेर जिंकला होता, तिथेच या ऑगस्टमध्ये दोन्ही लाल गाड्या तेराव्या आणि चौदाव्या आल्या. याची कारणं गाडीच्या बांधणीत असतील, हवेच्या रेट्यात असतील, इंजिनात असतील. पण तुम्ही दार लावून घेतल्यामुळे प्रत्येकाने आपापलं कारण पक्कं करून टाकलंय आणि हासचा मेकॅनिक आपण कशाची किंमत मोजली हे न कळताच घरी गेला असेल.

आता रेसिंग पॉइंटकडे वळतो, कारण तुम्हाला खुलेपणाने वागता येतं याचा पुरावा तिथे आहे. हा संघ आमच्या तसा ओळखीचा. 2008 ते 2018 त्याच सिल्व्हरस्टोनच्या कारखान्यावर ‘फोर्स इंडिया’ अशी पाटी होती. विजय मल्ल्यांचं पुढे जे झालं ते झालं, पण 2009 ला स्पामध्ये फिसिकेला पोलवर उभा राहिला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. इटालियन ड्रायव्हर, इंग्लंडात बांधलेली गाडी, जर्मन इंजिन आणि पेढे भोसरीचे! असो. 2018 मध्ये संघ दिवाळखोरीत निघाला, लॉरेन्स स्ट्रोल आणि मंडळींनी घेतला आणि यंदा त्यांनी अशी गाडी आणली की लोक तिला ‘गुलाबी मर्सिडीज’ म्हणायला लागले. आदल्या वर्षीच्या मर्सिडीजची हुबेहूब नक्कल. 12 जुलैच्या स्टिरियाच्या शर्यतीनंतर रेनॉने तक्रार ठोकली. (त्याच आठवड्यात आमच्याकडे पुन्हा दहा दिवसांचा लॉकडाऊन लागला, त्यामुळे हे प्रकरण मी फार बारकाईने वाचलंय. दुसरं कामच नव्हतं.)

भांडण होतं ब्रेक डक्टचं. चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेकला वारा घालणारा कार्बनचा गुंतागुंतीचा पुंगळा. 2019 मध्ये तो दुसऱ्याकडून घेता येत होता, 2020 पासून प्रत्येक संघाने स्वतःचा डिझाइन करायचा होता. रेसिंग पॉइंटने पुढचे डक्ट 2019 च्याच गाडीत वापरले होते, ते माफ. मागचे वापरले नव्हते, ते मर्सिडीजच्या ड्रॉइंगवरून आले, ते दोषी. 7 ऑगस्टला निकाल लागला. 15 गुण कापले, 4 लाख युरो दंड, आणि तेच डक्ट पुढे वापरायला मात्र परवानगी! यावर सगळेच चिडले. फेरारीनेही अपील केलं, हेही नोंदवून ठेवतो. शेवटी एकेक करून सगळ्यांनी अपिलं मागे घेतली.

मला तो निकाल पटला नाही. पण तो मी वाचू शकलो. काय तपासलं, कुणी काय बाजू मांडली, कुठला नियम लावला, गुण का कापले, सगळं कागदावर होतं आणि तो कागद भोसरीत बसून माझ्या मोबाइलवर उघडत होता. हंगाम संपला तेव्हा मॅक्लारेनचे 202 गुण होते आणि रेसिंग पॉइंटचे 195. ते 15 कापले नसते तर 210 झाले असते. म्हणजे माझ्या संघाची तिसरी जागा तुमच्या त्या निकालाची देणगी आहे. मी ती मान खाली घालून घेतो, कारण निदान कशाबद्दल मिळाली ते मला कळतं. रेसिंग पॉइंटच्या पेरेझबद्दल वाईट वाटतं. कोरोनामुळे दोन शर्यती हुकल्या, पुढच्या वर्षीची जागा वेटेलला देऊन टाकलेली, आणि तरी बहारीनच्या साखीरला पहिल्याच फेरीत शेवटच्या नंबरवर ढकलला गेलेला माणूस तिथून जिंकून आला. 190 वी शर्यत, पहिला विजय. त्याच दिवशी तिथेच खालच्या पायरीच्या फॉर्म्युला टूमध्ये मुंबईचा जेहान दारुवाला जिंकला. आमच्या घरी त्या रविवारी जेवणं रात्री साडेअकराला झाली.

तेव्हा प्रश्न एवढाच आहे की नव्या, लहान संघाचा निकाल चव्हाट्यावर आणि सर्वांत जुन्या संघाचा निकाल बंद खोलीत, असं का? मर्सिडीजच्या त्या पुढे-मागे सरकणाऱ्या स्टिअरिंगवर रेड बुलने जुलैत तक्रार केली, ती तुम्ही फेटाळलीत आणि कारणं छापलीत. तेव्हा कुणाचं गुपित फुटलं नाही.

तोदसाहेब, तुम्ही म्हणालात की तपशील द्यायला तुम्हाला आवडलं असतं, पण फेरारीची तयारी नाही. मी तुमच्यावर हेत्वारोप करत नाही. तुम्ही फेरारीत इतकी वर्षं काढलीत म्हणून झाकलं, असं बोलणारे इंटरनेटवर पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही. पण एक सांगा, पंचाने निकाल सांगायचा की नाही हे खेळाडूला विचारून ठरतं का? आमच्या गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेतसुद्धा अंपायर बाद दिलेल्या माणसाची परवानगी घेत नाही.

फेरारीच्या इंजिनाची ड्रॉइंग कुणी मागत नाहीये. ती त्यांची मालमत्ता आहे, असावी. पण या वर्षी ड्रॉइंगच्या बाबतीतही आम्ही एक नवल पाहिलं. मार्चमध्ये मर्सिडीजच्या ब्रिक्सवर्थच्या इंजिन कारखान्यातले लोक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या इंजिनिअरांबरोबर बसले आणि पहिल्या बैठकीपासून शंभर तासांच्या आत त्यांनी श्वासाला मदत करणारं सीपॅप यंत्र तयार केलं. ज्या मशिनवर पिस्टन आणि टर्बो निघायचे, त्या चाळीसेक मशिनवर दिवसाला हजार यंत्रं निघायला लागली. ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी दहा हजार केली. आणि मग त्यांनी ते डिझाइन जगाला फुकट देऊन टाकलं. हे वाचलं तेव्हा आमचं शॉप बंद होतं. मशिनचा माणूस आहे मी, एक लाइन बदलायला किती घाम निघतो ते ठाऊक आहे. पिस्टनच्या मशिनवर शंभर तासांत दुसराच पार्ट! मी तो लेख आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सेटअप चेंज म्हणजे काय ते बघा.’

त्याच काळात तुम्ही सगळ्यांना कारखाने बंद ठेवायला लावलेत, दोन आठवड्यांची ऑगस्टची सुट्टी पुढे ओढून वाढवत वाढवत 63 दिवसांवर नेलीत, नव्या नियमांची गाडी 2022 वर ढकललीत. संघांना एकत्र बसवून खर्चाची मर्यादाही 17.5 कोटी डॉलरवरून 14.5 कोटींवर आणलीत. मे महिन्यात मॅक्लारेनला 1200 माणसं कमी करावी लागत होती, विल्यम्सच्या कुटुंबाला संघ विकायची वेळ आली होती. ती मर्यादा आली नसती तर आणखी किती पाट्या उतरल्या असत्या कोण जाणे.

ही मर्यादा आता बारा दिवसांनी, 1 जानेवारीपासून लागू होतेय. यापुढे तुमचे लोक सेन्सरच नाही, संघांच्या वह्याही तपासणार. कुणीतरी कधीतरी मर्यादा ओलांडेल, कारण पैसा आहे आणि माणसं आहेत. त्या दिवशी तुम्ही काय करणार? शुक्रवारी संध्याकाळी चार ओळी काढून ‘समझोता झाला, तपशील उभय पक्षांत’ असं सांगणार? रेसिंग पॉइंटचा रस्ता धरणार की फेरारीचा, हे संघांना आजच कळलं तर बरं. त्यांचे हिशोबनीस त्यावरच काम करत असतील.

म्हणून मागणी करतो. संशय नेमका कशाचा होता, तो कुठल्या शर्यतीपासून कुठल्या शर्यतीपर्यंतचा, फेरारीने काय करायचं कबूल केलं आणि त्यातलं आजपर्यंत काय केलं, एवढं एका पानावर लिहा. इंजिनाचा एकही कट-सेक्शन नको. दोष सिद्ध झाला नाही, तर तसं स्पष्ट लिहा. मग वर्स्टॅपेनला आणि माझ्यासारख्या मॅक्लारेनवाल्यांना फेरारीची माफी मागावी लागेल, मी मागीन. फेरारीची संमती लागत असेल तर ती पुन्हा मागा, आणि नाही मिळाली तर ‘मागितली, नाही मिळाली’ एवढं तरी छापा.

येत्या 28 फेब्रुवारीला त्या निवेदनाला वर्ष होईल. रविवार आहे. आमच्याकडे त्या दिवशी काम असतं, पण मी फर्स्ट शिफ्ट मागून घेतोय. साडेतीनला सुटतो, चारला घरी.

आपला,
भोसरीतला एक क्वालिटी इन्स्पेक्टर